अर्धें इकडे, अर्धें तिकडे

आमच्या घरांत "लौकर" या शब्दाला फार मान आहे. स्नान लौकर, स्वयंपाक लौकर, अभ्यास लौकर. आणि पाहुणे खोळंबले असले म्हणजे गणपतीची आरतीदेखील लौकर. अकरा माणसांच्या एकत्र कुटुंबांत मागच्याचा खोळंबा होऊं नये याची काळजी पुढच्याला घ्यावीच लागते. छत्तीस वर्षें मास्तरकी करून मी निवृत्त झालों, तेव्हां आतां मला कसलीच घाई राहिली नाहीं, अशी घरांतल्या मंडळींची समजूत आहे. ती खरी नाहीं. वेगाचा मोह मलाहि पडला, आणि त्या मोहापायीं माझ्या हातून जी चूक घडली ती सांगण्यासाठींच आज लेखणी उचलली आहे. ज्या यंत्राच्या बाबतींत ती घडली तें आजकाल घरोघर असतें. म्हणून ही हकीगत आमच्या घरापुरतीच राहूं नये असें वाटतें.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. पुढें पाठशाळेंत राहून संस्कृताचा अभ्यास केला आणि तोच जन्मभर मुलांना शिकविला. सायकलीचें पंक्चर काढण्यापलीकडे यंत्रविद्येशीं माझा परिचय नव्हता. संगणक आमच्या घरीं आला तो पुतण्यासाठीं. थोरल्या बंधूंचा हा धाकटा मुलगा लग्नकार्यांचे चित्रपट तयार करून देण्याचा धंदा करतो. मी त्या यंत्राकडे वळलों तो मात्र कृष्णामाईमुळें.

२०१९ च्या श्रावणांत सांगलीला जो महापूर आला त्याची आठवण पुष्कळांना असेल. आयर्विन पुलापाशीं ४५ फूट ही धोक्याची पातळी समजतात. त्या वर्षीं पाणी ५७ फुटांवर गेलें. गांवभागांतील आमच्या घराच्या माजघरांत पुरुषभर पाणी उभें होतें. माणसें वेळेवर बाहेर पडलीं; पण वडिलांचीं टिपणें, वंशावळीचीं बाडें, जमाखर्चाच्या वह्या, हें सारें कपाटांतल्या कपाटांत आठवडाभर भिजत राहिलें. पाणी ओसरल्यावर आम्हीं एकेक पान सुटें करून दोऱ्यांवर वाळत घातलें. कांहींची शाई धुवून गेली होती, आणि जीं पानें बचावलीं तींहि हात लावतांच तुटूं लागलीं.

पुढच्या वर्षीं, २०२० सालीं, टाळेबंदीनें सर्वांनाच घरांत बसविलें. त्या सक्तीच्या फुरसतींत दादांचा नातू माझ्या मदतीला आला. दादांचा नातू म्हणजे माझाहि नातूच; तो त्यांना "आजोबा" म्हणतो आणि मला "धाकटे आजोबा". त्यानें स्कॅनर आणविला. मीं पानें उलगडून द्यावीं आणि त्यानें त्यांचीं चित्रें संगणकांत भरावीं, असा क्रम कित्येक महिने चालला. एकंदर ४,२०० पानें झालीं.

आमचें हें काम चालू असतां आई शेजारच्या खाटेवर बसून पाहत असे. तिचें वय तेव्हां त्र्याण्णव होतें. एके दिवशीं ट्रंकेंतून जुन्या फोटोंचा गठ्ठा निघाला. त्यांतील निम्मीं माणसें मला ओळखतां येईनात, दादांनाहि येईनात. आईनें मात्र एकेक फोटो डोळ्यांपाशीं नेऊन भराभर नांवें सांगितलीं. नांवापाठोपाठ गांव, गांवापाठोपाठ सासर-माहेर, आणि त्यामागोमाग त्या माणसाची एखादी खोड. नातवाला सुबुद्धि सुचली. त्यानें आपला फोन तिच्या उशापाशीं ठेवला. रोज दुपारीं थोडें थोडें करून अशीं अकरा ध्वनिमुद्रणें झालीं. मिळून साडेसहा तास. पुढच्याच वर्षीं आई गेली.

२०२२ च्या दिवाळींत पुतण्यानें संगणकाची सुधारणा काढली. जुन्या हार्ड डिस्कवर त्याचें काम अडूं लागलें होतें. हार्ड डिस्क म्हणजे फिरत्या तबकड्यांची पेटी. तबकडी मिनिटाला हजारों फेरे घेते, एक बारीक दांडी तिच्यावर पुढेंमागें सरकून हवी ती जागा शोधते, आणि मग मजकूर हातीं येतो. नव्या सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्यें फिरणारें असें कांहींच नाहीं. अतिसूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवावयाचा आणि त्याच्या कमीअधिक प्रमाणावरून मजकूर ओळखावयाचा, अशी ती योजना आहे. वीज बंद केली तरी तो भार पुष्कळ काळ टिकून राहतो. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका या जपानी अभियंत्यानें १९८० नंतरच्या दशकांत ही फ्लॅश स्मृति शोधून काढली. आमची जुनी डिस्क सेकंदाला सुमारें १५० मेगाबाइट मजकूर वाचीत असे. तसला एक नवा ड्राइव्ह सुमारें ५५० वाचतो.

इतक्यावर आम्ही थांबलों असतों तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें. पण नातू तोंवर अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत जाऊं लागला होता. तो म्हणाला, "धाकटे आजोबा, एकाऐवजीं दोन ड्राइव्ह आणूं आणि दोघांना एकत्र जुंपूं. मग जवळजवळ दुप्पट वेग!"

"तो कसा?" मीं विचारलें.

त्यानें मला समजेल अशा भाषेंत सांगितलें. एका पोथीची नक्कल करावयाची आहे आणि लेखनिक दोन आहेत. पहिलें पान उजवीकडच्याला, दुसरें डावीकडच्याला, तिसरें पुन्हां उजवीकडच्याला, असें वांटीत गेलें कीं काम निम्म्या वेळांत होतें. वाचण्याच्या वेळींहि दोघे एकदम आपापलीं पानें पुढें करतात. संगणकांत या पानाला स्ट्राइप, म्हणजे पट्टा, म्हणतात. आणि या सबंध रचनेला रेड झीरो. आमच्या यंत्रांत एकेक पट्टा १२८ किलोबाइटचा ठेवला होता. माझ्या टिपणांतील एका पानाचें चित्र सुमारें ४ मेगाबाइटचें. म्हणजे त्याचे ३२ तुकडे होत, सोळा एका ड्राइव्हवर आणि सोळा दुसऱ्यावर. वापरणाऱ्याला मात्र दोन ड्राइव्ह दिसतच नाहींत. त्याला एकच मोठी वखार दिसते.

काम तासाभरांत आटोपलें. दोन्ही ड्राइव्ह केबलीनें मदरबोर्डाला जोडले, संगणक सुरू होतांना येणाऱ्या पडद्यावर कांहीं पर्याय निवडले, दोघांची मिळून एक वखार केली, आणि जुन्या डिस्कवरचें सर्व सामान तिच्यांत आणून ठेवलें. त्यांत पुतण्याचीं लग्नें होतीं, माझीं ४,२०० पानें होतीं आणि आईचीं अकरा ध्वनिमुद्रणें होतीं.

मग नातवानें विचारलें, "धाकटे आजोबा, जुन्या डिस्कवर तुमचें सामान तसेंच राहूं द्यायचें का?" पुतण्याला ती डिस्क जुने चित्रपट ठेवण्यासाठीं रिकामी हवी होती, आणि मी नव्या वेगाच्या कौतुकांत होतों. मीं म्हटलें, "एकच वस्तु दोन ठिकाणीं कशाला? उगाच अडगळ!"

जुनी डिस्क त्याच संध्याकाळीं पुसली गेली.

वेग खराच वाढला. पुतण्याचा साठ गिगाबाइटचा एखादा चित्रपट जुन्या डिस्कवरून वाचावयास साडेसहा मिनिटांहून अधिक वेळ लागे. एका नव्या ड्राइव्हवरून तो दोन मिनिटांच्या आंत वाचून झाला असता. जोडीला एक मिनिट पुरूं लागलें. दिवसांतून वीस वेळां असें काम करणाऱ्याला ही बचत थोडी नव्हे. पण माझ्या पानांना तिचा काय उपयोग होता? हा प्रश्न मीं तेव्हां विचारला नाहीं. चार मेगाबाइटचें एक पान जुन्या डिस्कवरहि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच उघडत असे. जोडीवरहि तें तसेंच उघडे. संगणक सुरू व्हावयास पूर्वीं दीड मिनिट लागे, तें पंधरा सेकंदांवर आलें. परंतु तो गुण नव्या जातीच्या ड्राइव्हचा होता, जोडीचा नव्हे. जोडीचा लाभ होतो तो मोठी फाइल सलग वाचतांना किंवा लिहितांना. लहानसहान फाइलींची विखुरलेली ये-जा एकामागून एक चालते. तेथें दुसरा लेखनिक बहुधा हात चोळीत बसतो.

आणखी एक गोष्ट मला पुढें कळली. प्रत्येक सॉलिड स्टेट ड्राइव्ह आपल्या पोटांत हीच युक्ति आधींच करीत असतो. आंतल्या अनेक चिपांवर मजकूर वांटून तो त्यांना एकदम कामाला लावतो. ज्यांना याहून अधिक वेग हवा त्यांच्यासाठीं एनव्हीएमई जातीचे ड्राइव्ह आहेत. त्यांतील एकटाच सेकंदाला साडेतीन हजार मेगाबाइट वाचतो, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनीं सात हजारांचा टप्पाहि ओलांडला आहे. तात्पर्य, वेग पुतण्याला हवा होता. धोका मात्र आम्हीं सर्वांनीं वांटून घेतला.

२०२४ च्या ज्येष्ठांत एका सकाळीं संगणक सुरू होईना. जोडींतील एक ड्राइव्ह सांपडत नाहीं, अशा अर्थाचीं अक्षरें पडद्यावर उमटलीं. नातवानें केबल काढून पुन्हां लावली, दुसरी लावली, शेवटीं तो ड्राइव्ह शेजाऱ्यांच्या संगणकाला जोडून पाहिला. तो मुकाच राहिला. जुनी हार्ड डिस्क बंद पडण्यापूर्वीं पुष्कळदां खडखड करून सूचना देते. हा आदल्या रात्रीपर्यंत बिनतक्रार चालला होता.

"पण दुसरा तर चांगला आहे ना?" वहिनींनीं विचारलें. त्यांचा प्रश्न अगदीं स्वाभाविक होता. दोन कणग्यांपैकीं एक बुडाली तर दुसरींतले दाणे खातां येतात.

"चांगला आहे, आजी, पण त्यांत एकाआड एकच पानें आहेत," नातू म्हणाला.

"मग निम्में तरी वाचूं!"

त्यावर तो गप्प झाला. निम्मेंहि हातीं येत नाहीं. कोणती फाइल कोठें आहे हें सांगणारी अनुक्रमणिका तीच मुळीं दोन्हीकडे विभागलेली असते. आणि मधले मधले तुकडे गेल्यावर चित्र किंवा आवाज पुन्हां उभा राहत नाहीं. आमच्या हातांत एक धडधाकट ड्राइव्ह होता आणि त्यांत आमच्या उपयोगाचें एक अक्षरहि नव्हतें.

पुतण्याचें नुकसान चार दिवसांच्या श्रमांचें झालें. चित्रपट गिऱ्हाइकाच्या हातीं पडेपर्यंत कॅमेऱ्याचीं कार्डें पुसावयाचीं नाहींत, हा त्याचा नियम. त्यानें तीं कार्डें काढलीं आणि काम पुन्हां मांडलें. माझीं पानें गेलीं, पण मूळ कागद अजून ट्रंकेंत होते. जीर्ण झाले होते, तरी होते. आईच्या आवाजाचें मूळ मात्र कोठेंच नव्हतें. नातवाचा तो फोन केव्हांच विकला गेला होता.

त्या दिवशीं घरांत जें झालें तें लिहितांना लाज वाटते. सर्वांचा राग त्या पोरावर निघाला. त्याचे वडील म्हणाले, "मग शिकतोस तरी काय तूं?" दादा एरवीं मोठ्यानें बोलत नाहींत. ते म्हणाले, "आईचा आवाज होता रे तो," आणि उठून देवघरांत गेले. पोरगा मान खालीं घालून उभा होता. त्यानें एकदांच माझ्याकडे पाहिलें. जुन्या डिस्कविषयीं आपण कोणाला विचारलें होतें आणि काय उत्तर मिळालें होतें, हें त्याला आठवत होतें. तो तें बोलला नाहीं. मीहि बोललों नाहीं.

दोन दिवस मी बोललों नाहीं. छत्तीस वर्षें मीं वर्गांत विचारीत आलों, "कांच कोणीं फोडली? खरें सांगेल त्याला शिक्षा नाहीं." कांच फोडून गप्प बसणाऱ्या मुलाच्या पोटांत काय कालवत असेल तें मला साठी उलटल्यावर कळलें. तिसऱ्या दिवशीं रात्रीं सर्वजण पानांवर बसले असतां मीं सांगून टाकलें, "जुनी प्रत राखूं का, असें त्यानें मला विचारलें होतें. अडगळ कशाला, असें म्हणणारा मी. दोष माझा आहे."

थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. मग नातू खालच्या मानेनें म्हणाला, "मीहि हट्ट धरायला हवा होता, धाकटे आजोबा. मला माहीत होतें." वहिनींनीं त्याच्या पानांत भात वाढला आणि म्हणाल्या, "जेवा आतां दोघेहि."

नंतरच्या आठवड्यांत बंद ड्राइव्ह घेऊन आम्ही दोघे पुण्यास गेलों. गेलेला मजकूर परत मिळवून देण्याचें काम करणारा एक माहितगार तेथें होता. त्यानें तो आठ दिवस ठेवून घेतला आणि कांहीं न मिळाल्याचें सांगून परत केला. ड्राइव्हची नियंत्रक चिपच निकामी झाली होती. मजकूर धरून ठेवणाऱ्या चिपा शाबूत असल्या तरी कोणता तुकडा कोणत्या कप्प्यांत आहे हें त्या नियंत्रकालाच ठाऊक असतें. सर्व कप्प्यांची झीज सारखी व्हावी म्हणून तो मजकुराच्या जागा बदलीत असतो, आणि पुष्कळदां तो मजकूर गुप्तलिपींत लिहितो. किल्ली त्याच्याच पोटांत.

परतीच्या गाडींत मीं नातवाला विचारलें, "या रचनेला शून्य कां म्हणतात?" त्यानें सांगितलेला इतिहास ऐकण्यासारखा आहे. १९८८ सालीं अमेरिकेंतील बर्कले येथील विद्यापीठांत पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनीं एक निबंध लिहिला. एका महागड्या डिस्कऐवजीं अनेक स्वस्त डिस्क एकत्र जुंपाव्या, आणि त्यांतील एखादी बिघडणारच हें गृहीत धरून कांहीं मजकूर जादा लिहून ठेवावा, असा त्यांचा विचार. रेड या नांवांतील पहिलें अक्षर "रिडंडंट", म्हणजे जादा, या शब्दाचें आहे. निबंधांत एक ते पांच अशा पायऱ्या होत्या. शून्य ही पायरी मागाहून जोडली गेली. तिच्यांत जादा असें कांहींच नाहीं, म्हणून ती शून्य.

"म्हणजे नांवांतच सगळें सांगितलेलें होतें," मी म्हणालों.

"होय," तो म्हणाला, "पण आपण वेगच पाहिला."

मीं खिशांतून पाठकोरा कागद काढला आणि आम्हीं गणित मांडलें. समजा, ठराविक मुदतींत एक ड्राइव्ह बंद पडण्याचा संभव शंभरांत २ आहे. म्हणजे टिकण्याचा संभव ९८. मजकूर दोघांत वांटून ठेवला तर दोघेहि टिकले पाहिजेत. ९८ गुणिलें ९८ म्हणजे ९,६०४. अर्थात् दहा हजारांत ३९६ वेळां सर्वस्व बुडणार. हा धोका एकट्या ड्राइव्हच्या जवळजवळ दुप्पट झाला. उलट तेंच सामान दोघांवरहि पूर्ण लिहून ठेवलें, तर दोघे एकदम गेल्याखेरीज कांहीं बुडत नाहीं. याला रेड एक म्हणतात. एकाचा बिघाड दुसऱ्यावर अवलंबून नाहीं असें धरलें, तर तेथें हिशेब २ गुणिलें २, म्हणजे दहा हजारांत ४ असा येतो. ड्राइव्ह तेच आणि संख्याहि तीच. आणखी एक मधला प्रकार आहे. त्याला निदान तीन ड्राइव्ह लागतात. एकावर ७ लिहिले, दुसऱ्यावर ५, आणि तिसऱ्यावर त्यांची बेरीज १२. मग कोणताहि एक गेला तरी उरलेल्या दोघांवरून तो काढतां येतो. संगणकाची बेरीज जराशी निराळ्या जातीची असते, परंतु तत्त्व हेंच.

हें गणित मांडतांना मला पाठशाळा आठवली. आमच्या ओसरीवर वेदाध्ययन करणारे विद्यार्थी बसत. पदपाठांत प्रत्येक पद सुटें म्हणतात. क्रमपाठांत पहिलें-दुसरें, दुसरें-तिसरें, अशा जोड्या म्हणतात. जटापाठांत प्रत्येक जोडी सुलट, उलट आणि पुन्हां सुलट म्हटली जाते. त्यामुळें मधलें प्रत्येक पद सहा वेळां तोंडांतून जातें. घनपाठांत तेंच पद तेरा वेळां येतें. तेंच तें कितीदां घोकावयाचें, असें आम्हां इतर मुलांना वाटे. पण एखाद्या ठिकाणीं पद चुकलें तर बाकीच्या बारा ठिकाणीं तें अडतें आणि चूक उघडी पडते. आणि एक पाठक निवर्तला तरी ऋचा जात नाहीं, कारण दुसऱ्याच्या मुखांत ती पूर्ण असते. एका शिष्याला ऋचेचा पूर्वार्ध आणि दुसऱ्याला उत्तरार्ध देऊन अध्ययन निम्म्या वेळांत उरकावें, असें कोणाहि गुरूनें केलें नाहीं. तो पाठ जन्मभर कानांवर पडत असूनहि मीं मात्र आईच्या आवाजाची दुसरी प्रत अडगळ म्हणून टाकून दिली.

त्या वर्षीं आईच्या श्राद्धाला सर्व मंडळी जमली. नागपूरहून धाकटी बहीण आली होती. दुपारीं नातवानें फोटोंचा तो गठ्ठा माजघरांत आणून ठेवला आणि म्हणाला, "पणजी जें सांगत होती त्यांतलें ज्याला जें आठवेल तें सांगा, मी लिहितों." प्रथम कोणाला कांहींच आठवेना. मग थोरल्या सूनबाईंनीं एका फोटोवर बोट ठेवलें. ध्वनिमुद्रण चालू असतां त्या तेथेंच वाटाणे सोलीत बसल्या होत्या. "हे मिरजेचे आत्तेभाऊ," त्या म्हणाल्या, "पानांतलें मीठ आधीं संपवायचे." "मीठ नव्हे, लोणचें," दादा म्हणाले. "लोणचेंच," वहिनींनीं दुजोरा दिला. तेवढ्यानें वाट मोकळी झाली. एकाला नांव आठवे, दुसऱ्याला गांव, तिसऱ्याला नातें. जेथें दोघांतिघांचें जुळे तेथें नातू पक्की शाई वापरी, आणि जेथें मतभेद होई तेथें दोन्ही मतें लिही. सर्वांत अधिक आठवण निघाली ती त्याचीच. एकसष्ट फोटोंपैकीं चव्वेचाळीस ओळखले गेले. सतरा राहिले, ते आतां कोणाला ओळखतां यावयाचे नाहींत.

हें साधलें, कारण आमच्या आठवणी एकमेकींवर चढलेल्या होत्या. एकच गोष्ट तिघांनीं ऐकलेली होती. तरीहि जें परत आलें तो आईचा मजकूर होता. तिचा आवाज, मध्येंच थांबून खोकणें, एखाद्या नांवाशीं आपल्याशींच हसणें, यांतील कांहीं परत आलें नाहीं.

आतां आमच्या घरची व्यवस्था अशी आहे. नवा ड्राइव्ह आणून पुतण्याची जोडी पुन्हां पट्ट्यांची केली आहे. त्याच्या कामाला ती योग्यच आहे. तिच्यावर जावयाचें तें फक्त पुन्हां करतां येईल असें काम. वडिलांचीं पानें आम्हीं दुसऱ्यांदा स्कॅन केलीं. या खेपेस कित्येक पानांचे कोपरे, त्यांवरील अक्षरांसह, गळून गेलेले होते. तीं आतां दोन वेगळ्या ड्राइव्हवर पूर्ण आहेत. पण तेवढ्यानेंहि भागत नाहीं, कारण अशा जोडींत एखादें पान चुकून पुसलें तर तें दोन्हीकडून एकदमच पुसलें जातें. म्हणून तिसरी प्रत निराळ्या हार्ड डिस्कवर करून बहिणीकडे नागपूरला ठेवली आहे. कृष्णेचें पाणी तेथवर जात नाहीं. ती डिस्क मुद्दाम जुन्या, फिरत्या जातीची घेतली, कारण सॉलिड स्टेट ड्राइव्ह वर्षानुवर्षें विजेवांचून पडून राहिला तर त्यांतील भार ओसरण्याचा संभव असतो. बहीण दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं ती जोडते, मी सांगेन तें एखादें पान उघडते आणि फोनवरून मला वाचून दाखविते. प्रत आहे असें समजणें निराळें, आणि ती वाचून पाहणें निराळें.

हल्लीं नातू सुटींत घरीं आला म्हणजे रात्रीं दादांच्या खाटेशीं बसतो आणि फोन त्यांच्या उशापाशीं ठेवतो. दादा सांगतात, आमचें लहानपण, जुना वाडा, वडिलांची शिस्त. झोपण्यापूर्वीं नातू तें तीन ठिकाणीं ठेवतो आणि मला येऊन सांगतो. परवां दादा मध्येंच थांबले आणि म्हणाले, "अरे, हें मागच्या खेपेस सांगितलें कीं मीं. पुन्हां तेंच कशाला?"

मी पलीकडच्या खाटेवर पडलों होतों. नातू कांहीं बोलण्याच्या आधींच मी म्हणालों, "सांगा दादा. पुन्हां सांगा."